गुरुवारची गाडी

माझा आवाज मोठा आहे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत पोरं सांभाळण्यात गेली, तर तो मोठा होणारच. मी निवृत्त झाले, आवाज काही झाला नाही. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य समितीवर मी गेले ती याच आवाजामुळे. उगाच कोणी मला विद्वान समजू नये म्हणून आधीच सांगून ठेवते.

झालं असं की, एकदा सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर माझ्या भावाच्या गोळ्या संपलेल्या होत्या. आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आणि तोवर माझ्या भावाला कोण सांभाळणार? तुम्ही नेता का घरी?" रांगेतली माणसं हसायला लागली. आतून एक साहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्यांची सोय केली, आणि पुढच्या महिन्यात मला निरोप आला की रुग्णांच्या नातेवाइकांच्या वतीनं मी समितीवर बसावं.

आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, "भांडणाऱ्याला खुर्ची दिली की तो गप्प बसतो, हे साहेबांना बरोबर ठाऊक दिसतंय."

"खुर्चीवर बसेन," मी म्हटलं, "गप्प कशाला बसू?"

भावाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आलं होतं. आमचं माहेर असोद्याचं. तो माझ्याहून धाकटा, अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. जळगावला कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. त्यानंतरचे दवाखाने, देवस्थानं, गंडेदोरे, आई-वडिलांची तगमग मी इथं उगाळत बसत नाही. आई-वडील गेले आणि मी त्याला धुळ्याला माझ्या घरी आणलं. गोळ्यांनी आवाज थांबले, पण तोही थांबला. सकाळी उठायचा, खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. चहा ठेवला तर त्यावर साय धरायची. मी दाराशी उभी राहून बघायची आणि मला रडू यायचं. रडू आलं की मी चिडते, आणि चिडले की आमचे हे बाजारात निघून जातात.

मग शहरात दिवस-केंद्र निघालं. सरकारी पैशावर चालणारं, दोन खोल्यांचं. सकाळी आजारी माणसांनी यायचं, काहीतरी हातानं करायचं, दुपारी एकत्र डबा खायचा, संध्याकाळी घरी. डॉक्टरबाई, एक नर्स आणि एक समुपदेशक, एवढीच माणसं. कामासाठी त्यांनी एक गादीवाले चाचा गाठले होते. चाचांचं दुकान जुन्या भागात, पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरायचं काम. त्यांची मुलगी केंद्रात यायची, म्हणून चाचाही यायचे आणि सगळ्यांना उशा भरायला शिकवायचे.

माझा भाऊ उशा भरायला लागला. कापूस हातानं मोकळा करायचा, कोपऱ्यांत दाबून बसवायचा, गोळे राहू द्यायचे नाहीत. पहिली उशी त्यानं घरी आणली तेव्हा ती एका बाजूला फुगलेली होती. आमचे हे अजून तीच घेतात. हळूहळू तो सकाळी स्वतः शर्टाला इस्त्री करायला लागला. डबा भरला का विचारायला लागला. एक दिवस म्हणाला, "अक्का, भाजीत मीठ नाही." इतकी वर्षं काहीही वाढलं तरी खाणारा माणूस मीठ मागतोय! मी ओट्यावर हात टेकून उभी राहिले, आणि मग त्याला इतकं मीठ वाढलं की त्याला ते खाता येईना.

तर त्या वर्षी समितीपुढे प्रश्न आला पैशांच्या वाटणीचा. पैसे होते तेवढेच. पण साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावांची मागणी आली होती की डॉक्टर आमच्याकडे नीट येत नाहीत. तिकडे महिन्यातून एकदा तपासणी व्हायची. साहेबांनी आकडे वाचून दाखवले. शहराच्या केंद्रात गर्दी, तिकडे तपासणीला येणारी माणसं हाताच्या बोटांवर. साहेब सरळ माणूस. म्हणाले, "जिथं रुग्ण जास्त, तिथं पैसा जास्त. यापेक्षा न्यायाचं काय असणार?"

मी मान डोलावली. चाचांनीही डोलावली. तेही माझ्यासारखेच नातेवाइकांच्या खुर्चीवर होते. मनात म्हटलं, चला, आपलं केंद्र वाचलं, आता घरी जाऊन शिरा करावा. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "ठरवण्याआधी एकदा सगळ्यांनी तिकडे जाऊन बघू या." वयानं माझ्या मुलीएवढी बाई. मला तेव्हा तिचा रागच आला.

गेलो. साक्री मागं टाकलं की रस्ता डोंगरात शिरतो. तपासणी होती तिथल्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात, शुक्रवारी. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक कुत्रं निजलेलं, आणि आम्ही. बस्स! साहेब म्हणाले, "बघा. आदल्या दिवशी इथं बाजार असतो, मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. या आजाराची माणसं नाजूक, चारचौघांत यायला लाजतात, गोंगाट त्यांना सोसत नाही. म्हणून आम्ही मुद्दाम बाजार टाळून शुक्रवारचा शांत दिवस ठेवला. तरी कोणी येत नाही." किती विचार केलाय यांनी, असं मला खरंच वाटलं.

तेवढ्यात पायऱ्यांवर एक बाई दिसली. अंगात रंग उडालेलं लुगडं, डोक्यावर रिकामी पाटी, आणि मागं एक उंच, वाकलेला माणूस. आत यावं की न यावं अशी ती उभी. मी तिला हात धरून आत आणलं. ती बहीण, तो भाऊ. काल ती बाजारात नागली, म्हणजे नाचणी, विकायला आली होती, आणि आजच्या तपासणीसाठी दोघं रात्री बाजाराच्या शेडमध्येच झोपले होते. आता इथून घरी चालत जाणार.

"चालत का?" साहेबांनी विचारलं.

"बाजारना दिन जीप मियस, साहेब. बाकीना दिन आठे कोन येस?" म्हणजे जीप मिळते ती फक्त बाजाराच्या दिवशी.

मी विचारलं, "पण बाजाराच्या दिवशी तपासणी ठेवली तर लोक बघतील ना? लाज नाही वाटणार?"

ती माझ्याकडे बघून हसली. शाळेत मी ढ पोराकडे बघून हसायची, तशी. "बाजारमा कोन कोनले देखस, ताई? आज ते बठ्ठं गाव देखस."

अहो, केवढी साधी गोष्ट! बाजारात कोण कोणाकडे बघतं? शांत दिवशी त्या पायऱ्या चढल्या की अख्ख्या गावाला कळतं की यांच्या घरात वेडा आहे. आम्ही शहाण्यांनी त्यांची लाज झाकायला म्हणून नेमका तोच दिवस निवडला होता, ज्या दिवशी ती उघडी पडते. आणि वर म्हणायला मोकळे की गरजच नाही.

तिचा भाऊ तेवढा वेळ जमिनीकडे बघत बसला होता. डॉक्टरबाईंनी त्याला नाव विचारलं तर बहिणीनंच सांगितलं. मागच्या खेपेला त्यांना यायला जमलं नव्हतं, गोळ्या बंद पडल्या होत्या. मी त्याच्याकडे बघितलं. माझा भाऊ भिंतीकडे बघायचा, हा जमिनीकडे. परतीच्या वाटेवर गाडीत मी एक शब्द बोलले नाही, तेव्हा चाचांनी विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

पुढच्या बैठकीत साहेबांनीच विषय काढला. त्यांचं मला कौतुक वाटतं, चूक दिसल्यावर ते तिला चिकटून बसले नाहीत. म्हणाले, बाजाराच्या दिवशी गाडी न्यायची. गुरुवारी या गावाला, सोमवारी डोंगरातल्या दुसऱ्या बाजाराला. दर आठवड्याला. पण पैसे तेवढेच, डॉक्टर एक, गाडी एक. माणसं तिकडे गेली की त्या दोन दिवशी शहरातलं केंद्र बंद ठेवावं लागणार.

सगळे माझ्याकडे आणि चाचांकडे बघायला लागले.

चाचा आधी बोलले. हळू आवाजात, पण स्पष्ट. "मी विरोधात आहे. बाईंचा भाऊ घरी दोन शब्द बोलतो तरी. माझी मुलगी फक्त केंद्रात बोलते. त्या दिवसांवर कात्री लावून मी दुसऱ्याला न्याय देऊ? माझ्याच्यानं नाही होणार."

यात खोटं काय होतं? मला त्यांच्याशी भांडताही येईना. मी म्हटलं, "मला वेळ द्या. घरी विचारून सांगते."

एक सदस्य हसले. "समितीचं काम घरी विचारून करतात का, बाई?"

"मी रुग्णांच्या वतीनं बसलेय ना? मग रुग्णाला विचारायला नको?" मी म्हटलं. त्यावर कोणी हसलं नाही.

त्या रविवारी असोद्याला भरीत होतं. थंडीत आमच्याकडे भरिताशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. माहेरच्या मळ्यात दरवर्षी आम्ही सगळे जमतो. हिरवी, लांब, आमच्या मातीतली वांगी, कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची. साली काढून ती बडगीत, म्हणजे लाकडी खोलगट भांड्यात, हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची. ठेचायचं काम माझ्या भावाकडे. आजारपणात कित्येक वर्षं त्यानं तिकडे ढुंकून बघितलं नव्हतं. केंद्र सुरू झाल्यावर मात्र तो त्या कामाला कोणाला हात लावू द्यायचा नाही.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. केळीची पानं पुसता पुसता सगळं सांगितलं. डोंगरातलं गाव, ती बहीण, तो भाऊ, बाजार, गाडी. शेवटी सांगितलं, "तिकडे गाडी गेली तर तुझं केंद्र सोमवारी आणि गुरुवारी बंद राहील."

त्याचा हात थांबला. "मग त्या दिवशी मी काय करू?"

खोटं बोलायचं जिवावर आलं. म्हटलं, "मला माहीत नाही रे." आणि मला भीती वाटली. ती खोली, ती भिंत, तो सायीचा चहा सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं. त्याच क्षणी मी ठरवलं की हा नको म्हणाला तर मीही नकोच म्हणणार. डोंगर गेला खड्ड्यात. कोणी मला स्वार्थी म्हटलं तर म्हणू दे.

तो पुन्हा ठेचायला लागला. बडगीत आणखी एक वांगं टाकत म्हणाला, "तो तिथला भाऊ दिवसभर काय करतो?"

"बसतो."

"भिंतीकडे बघत?"

"नाही. जमिनीकडे."

"तेच ते," तो म्हणाला, आणि मग म्हणाला, "जाऊ दे गाडी."

मी उठून जाळाच्या पलीकडे गेले. धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगायला बरं पडलं. भावजय म्हणाली, "अहो ताई, वारा तर तिकडं आहे!" तिला काय कळतंय.

समितीत मी हो म्हटलं. चाचा माझ्याकडे न बघता निघून गेले, आणि पुढे बरेच दिवस केंद्रात भेटले तरी नुसती मान हलवायचे. मला वाईट वाटायचं, पण मी त्यांच्या मागे लागले नाही. त्यांचा राग खरा होता.

आणि सगळं छान झालं असं कोणी समजू नये. पहिले सोमवार-गुरुवार फार वाईट गेले. भाऊ सकाळी सवयीनं शर्टाला इस्त्री करायचा, मग आठवण व्हायची, आणि इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी दाराशी उभी. आमचे हे त्याला भाजी आणायला ने, पेपर वाचून दाखव, असं काहीबाही करत राहिले. एकदा वैतागून मी साहेबांना फोनवर नको नको ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. दुसरं करणार तरी काय होते बिचारे!

पहिला मार्ग चाचांनीच काढला. न बोलता. एका सोमवारी त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत सतरंजी टाकली, मुलीला बसवलं, आणि केंद्रातल्या आणखी दोघांना निरोप धाडला. माझ्या भावालाही. केंद्राएवढं नव्हतं ते. समुपदेशक नाही, नर्स नाही. पण कापूस होता आणि बोलायला माणसं होती. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार नकोत. डबा मात्र दोन भाकरी जास्तीचा पाठवत जा, तुमचा भाऊ माझ्या घरच्या बिर्याणीवर हात मारतो." आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं.

राहिला गुरुवार. गुरुवारी चाचांच्या दुकानात गिऱ्हाइकांची वर्दळ, मागची खोली मालानं भरलेली. एका गुरुवारी समितीच्या वतीनं मी डोंगरातली तपासणी बघायला निघाले, तर हा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. हातात डबा. "मी येतो."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "येऊ द्या, मागं जागा आहे. त्यांची या महिन्याची तपासणीही व्हायचीच आहे, तिथंच करून टाकू."

काय सांगू त्या बाजाराचं! ज्या गावात आम्हाला एक कुत्रं भेटलं होतं, तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरबाई ग्रामपंचायतीच्या खोलीत बसल्या होत्या, आणि बाहेर ओट्यावर माणसंच माणसं. कोणी तांदूळ विकून आलेलं, कोणी कोंबडी बगलेत धरून बसलेलं. त्यांच्यात आजारी कोण आणि सोबतीला आलेलं कोण, मला ओळखू येईना. कोणी बघतही नव्हतं. आणि हीच माणसं आमच्या आकड्यांत नव्हती. मला इतकं बरं वाटलं की मी उभ्या उभ्या पावशेर शेव घेऊन खाल्ली.

दुपारी डॉक्टरबाईंनी नंबराच्या चिठ्ठ्या वाटणं थांबवलं. अंधार व्हायच्या आत घाट उतरायचा होता. चिठ्ठी असेल त्यांनाच आज तपासणार, बाकीच्यांनी पुढच्या गुरुवारी यायचं. आणि नेमकी तेव्हाच ती आली. तीच नागलीवाली, तोच भाऊ मागे. त्यांची जीप वाटेत बंद पडली होती. तिनं ओट्यासमोर पाटी उतरवली, फडकं पसरलं आणि नर्सकडे चिठ्ठी मागितली. नर्सनं मान हलवली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती खाली बसली आणि नागलीचा ढीग सारखा करायला लागली.

भांडायचं माझ्याकडे होतं. मी पदर खोचून नर्सकडे निघाले, तोवर माझा भाऊ उठला होता. तो त्या माणसासमोर जाऊन उभा राहिला आणि आपली चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"अरे, तुझा नंबर—" मी म्हटलं.

"अक्का, मला उद्या पण डॉक्टर आहेत," तो म्हणाला. "याला आजच आहेत."

समितीत आम्ही महिनोन् महिने घोळ घातला होता, आकडे, टक्के, न्याय, अमुक तमुक. मला त्या वेळी एवढा आनंद झाला की कोणाला तरी मिठी मारावी असं वाटलं. शेजारी कोंबडीवाला होता म्हणून राहिलं.

ती बहीण उठली, पण भावाला एकटं आत पाठवता येईना आणि नागली सोडून जाता येईना. माझा भाऊ म्हणाला, "जा तुम्ही. मी बसतो." आणि इस्त्रीचा शर्ट सांभाळत तिच्या फडक्यावर, मापाशेजारी बसला. मी जरा लांबून बघत राहिले. माणसं समोरून जात होती, कोणी थांबत नव्हतं. तो थोडा वेळ नागलीकडे बघत बसला. मग त्यानं मान वर केली, इकडेतिकडे बघितलं, आणि छाती भरून ओरडला, "नागली घ्या, नागली! घरची नागली!"

लहानपणी असोद्याच्या मळ्यात तो असाच पाखरं हाकलायचा. त्यानंतर तो आवाज मी ऐकलाच नव्हता. आमच्या घराण्याचा आवाज, माझ्यापेक्षा मोठा.

डॉक्टरबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, एवढ्या मोठ्यांदा कोण ओरडतंय हो?"

"आमचाच आहे," मी म्हटलं.